मंडळीने उपास धरले, तरी आई गेली. आता देव विश्वासू आहे असे कसे म्हणू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आई दीड वर्ष कर्करोगाने आजारी होती. मंडळीने उपास धरले, रात्रभर प्रार्थना झाल्या. एका वडीलधाऱ्या बंधूंनी तर 'ती बरी होणार असे प्रभूने मला दाखवले' असे सांगितले. आई शेवटपर्यंत विश्वासात होती, पण गेली. धाकटा भाऊ आता उपासनेला येत नाही. मी येते, पण गीत सुरू झाले की घसा दाटतो, आणि 'देव विश्वासू आहे' हे वाक्य ऐकले की राग येतो. आमचा विश्वास कमी पडला का? आणि अशा वेळी देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे काय?"

ताई, आधी एका गोष्टीचा निकाल लावू, कारण ती मनात राहिली तर पुढचे काही आत शिरणार नाही. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून आई गेली, असे नाही. तुमची समजूत काढायला मी हे म्हणत नाही. शास्त्र वाचल्यावर दुसरे काही म्हणताच येत नाही. पौलाच्या हातून आजारी बरे झाले हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि त्याच पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक ओळ सहज येऊन जाते: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. त्रफिमाच्या विश्वासाची चौकशी नाही, दोष नाही, कारणही नाही. तीमथ्याला वरचेवर दुखणी होती. पौल त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. स्वतः पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. उलट मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप पाहा. 'विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाचे काहीतरी कर' असे तो रडत म्हणतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो. बरे होणे विश्वासाच्या मापावर ठरत असते, तर हे हिशेब असे उलटे लागले नसते.

ज्या बंधूंनी 'प्रभूने दाखवले' म्हणून सांगितले, त्यांचा हेतू प्रेमाचाच असणार. पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात नियम स्पष्ट आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते त्याने सांगितलेले नव्हते. त्यांचा शब्द खरा ठरला नाही. तो देवाने मोडलेला शब्द म्हणून देवाच्या नावावर लिहू नका. तुमच्या रागातला बराचसा भाग या एका वाक्यातून आला असावा, असे मला वाटते. इतकी वर्षे आजाऱ्यांच्या खाटेपाशी बसताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे: मृत्यूच्या घावातून माणूस हळूहळू उठतो, पण देवाच्या नावाने दिलेली आणि न पाळली गेलेली खात्री आत सलत राहते. जमेल तेव्हा त्या बंधूंशी शांतपणे बोला. ते त्यांच्याही भल्याचे आहे.

हे आपल्या पापाचे फळ असेल का, हे तुम्ही विचारले नाही, पण रात्री कधीतरी मनात येऊन गेले असेल. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी असाच प्रश्न केला, तेव्हा येशूने त्याचे आणि त्याच्या आईवडिलांचे, दोघांचेही पाप हे कारण म्हणून नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असे मानू नका, असेही त्यानेच सांगितले. देवाला एखाद्या पापाकडे बोट दाखवायचे असते तेव्हा तो, दावीद राजाला त्याचे पाप तोंडावर सांगणाऱ्या नाथान संदेष्ट्यासारखा, सरळ येऊन सांगतो. आजार पाठवून कोडे घालत बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. देव विश्वासू आहे म्हणजे तो दिलेला शब्द पाळतो. मग त्याने शब्द कशाचा दिला, हे आधी पाहायला हवे. दुखणे इथेच, याच आयुष्यात बरे करीन असे वचन त्याने प्रत्येक लेकराला दिलेले नाही. जगात तुम्हाला क्लेश होतील, हे येशूने अटक होण्याच्या आदल्या घटकेला शिष्यांना सांगून ठेवले होते. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल विचारतो, तेव्हा त्याच्या यादीत दुष्काळ आहे, नग्नता आहे, तलवार आहे. या गोष्टी येणार नाहीत असे तो म्हणत नाही. त्या आल्या तरी आपल्याला त्या प्रीतीतून तोडू शकणार नाहीत, असे म्हणतो. वचन आहे ते हे: मी तुला सोडणार नाही, माझी कृपा तुला पुरे आहे, आणि शेवटच्या दिवशी मी तुला उठवीन.

हे ऐकायला कमी वाटेल. आईला वाचवायचे होते आणि हातात हे पडले, असे वाटेल. म्हणून दोन जागा वाचायला सांगतो, ज्यांच्यावर आपल्याकडे फारसे प्रवचन होत नाही.

पहिली प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. मग पेत्राला धरतो. पेत्रासाठी मंडळी रात्रभर प्रार्थना करते, देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. याच तुरुंगाच्या गोष्टीवर आपण साक्षी देतो. पण याकोबावर मंडळीचे प्रेम कमी होते का? येशूने ज्या तिघांना डोंगरावर आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत जवळ घेतले, त्यांतला तो एक. एक सुटला आणि एक मारला गेला, असे का, याचे हे पुस्तक लिहिणारा लूक एका शब्दाने उत्तर देत नाही. दोन्ही लिहून तो पुढे जातो.

दुसरी जागा इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय. विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून बचावले, असे ३४व्या वचनात आहे. तीन वचने पुढे गेलात की काही जण तलवारीने वधले गेले. तोच अध्याय, तोच विश्वास, तीच तलवार. आणि ३९व्या वचनात या सगळ्यांबद्दल, वाचलेल्यांबद्दल आणि वधलेल्यांबद्दलही, त्यांच्या विश्वासामुळे त्यांच्याविषयी चांगली साक्ष देण्यात आली असे म्हटले आहे. तुमच्या आईचे नाव या यादीत घालायचे तर कोणत्या बाजूला घालावे, याचा मला काडीचाही संकोच वाटत नाही. त्या दुसऱ्या बाजूला आहेत, आणि ती बाजू पहिलीपेक्षा हलकी नाही.

मग देवाचा विश्वासूपणा पाहायचा कुठे? परिस्थितीत पाहू गेलात तर सोमवारी दिसेल आणि मंगळवारी नाहीसा होईल. अहवाल चांगला आला की देव चांगला, वाईट आला की देव दूर. अशाने माणूस थकून जातो. नव्या करारातल्या लोकांनी तो एका घडून गेलेल्या गोष्टीत पाहिला: पंतय पिलाताच्या वेळी येशू वधस्तंभावर मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला. माझा सगळा भरवसा याच जागेवर टेकलेला आहे. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या अनुभवांवर तो टेकला असता तर कधीच मोडला असता.

या ठिकाणी तुमच्या न मिळालेल्या उत्तराशी थेट बोलणारी एक गोष्ट आहे. गेथशेमानेत येशूने, हा प्याला माझ्यापासून टळो, म्हणून तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. मात्र इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की मरणातून वाचवू शकणाऱ्याजवळ त्याने आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली आणि त्याचे ऐकण्यात आले. ऐकण्यात आले? दुसऱ्याच दिवशी तर तो मेला. होय, आणि तिसऱ्या दिवशी उठला. उत्तर मरणाच्या अलीकडे आले नाही, पलीकडे आले. आईसाठी केलेल्या तुमच्या प्रार्थना वाऱ्यावर गेल्या असे मी मानत नाही. तिला बरे कर, हेच तुम्ही मागितले होते ना? पुनरुत्थानाच्या दिवशी तिचे शरीर उठेल तेव्हा त्यात तो आजार नसेल. ही माझी मनापासूनची खात्री आहे. पण त्या दिवसापर्यंत तुम्हाला तिच्यावाचून राहायचे आहे, आणि ते खरोखरच कठीण आहे. लाजराला आता उठवायचेच आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडू नये, असे कुणी म्हणाले तर योहानाचा ११वा अध्याय उघडून त्याच्यापुढे ठेवा.

आता तुमचा राग. भरवसा म्हणजे मन शांत असणे, असे आपण उगाच धरून बसलो आहोत. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाणी आहेत. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा 'कोठवर' असे येते. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी आभार नाहीत, 'तरीही' नाही. ते कुणी वगळले नाही, उपासनेच्या पुस्तकात ठेवले. मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे पाहा. देवावर अन्यायाचा आरोप करण्यापर्यंत तो गेला. त्याचे मित्र मात्र सारा वेळ देवाचीच बाजू मांडत होते. शेवटी, ४२व्या अध्यायात, देव त्या मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाविषयी नीटनेटके बोलणाऱ्यांवर देव रागावला, आणि देवाशी भांडणाऱ्याला त्याने आपला सेवक म्हटले. फरक एवढाच की मित्र देवाविषयी बोलत राहिले, आणि ईयोब शेवटपर्यंत देवाकडे तोंड करून बोलत राहिला.

'देव विश्वासू आहे' हे ज्या वचनातून आपण उचलतो, ते विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे: त्याची करुणा रोज सकाळी नवी होते. भिंतीवर टांगलेले हे वचन आपण पाहतो, पण ते कुठे लिहिले गेले ते विसरतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, वेढ्यात लोक भुकेने मेले. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातल्या त्या राखेत बसून हे गीत लिहिले आहे. वचन २२पर्यंत येण्याआधी कवी काय म्हणतो ते वाचा: देव माझ्यासाठी दबा धरून बसलेले अस्वल झाला, त्याने खड्यांनी माझे दात पाडले, मी ओरडलो तरी माझी प्रार्थना बाहेर ठेवली. १८व्या वचनात तर परमेश्वरावरची आशाही संपली, असे तो म्हणतो. यानंतर तो आठवतो, हट्टाने आठवतो, की करुणा संपलेली नाही. आणि मग सगळे सुरळीत होते का? नाही. ४४व्या वचनात परत तक्रार आहे: प्रार्थना पोहोचू नये म्हणून तू मेघाआड दडलास. पुस्तकाचे शेवटचे वचनही, तू आमचा अगदीच त्याग केला आहेस की काय, अशा भीतीपाशीच थांबते. म्हणजे विश्वासूपणाची ती ओळ दोन्ही बाजूंनी विलापाने वेढलेली आहे. तुम्हाला ती ओळ ऐकून राग येतो, कारण लोक ती विलापातून कापून तुमच्यापुढे ठेवतात. पूर्ण अध्याय एकदा मोठ्याने वाचा. कदाचित तो तुमचाच वाटेल.

धर्मसुधारक मार्टिन लूथरची मुलगी माग्दालेना १५४२ साली १३ वर्षांची होऊन वारली. ती प्रभूकडे गेली याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तरी मित्राला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की आम्ही नवराबायकोने आभार मानायला हवेत, पण रडल्याशिवाय आणि कण्हल्याशिवाय ते आमच्याने होत नाही. आयुष्यभर विश्वासावर लिहिणाऱ्या माणसाचे हे पत्र आहे. त्यात मला विश्वासाची उणीव कुठेच दिसत नाही.

करायचे काय, हे तुम्ही विचारले आहे. मोठी प्रार्थना करू नका. रोज एक गाऱ्हाण्याचे स्तोत्र (६, १३, ४२, ७७, ८८ यांपैकी कोणतेही) मोठ्याने वाचा, आणि तेवढीच तुमची प्रार्थना समजा. त्यानंतर मनात येईल ते, आले तर, देवाला सांगा. राग आला असेल तर 'मला तुझा राग येतो' हेच सांगा. ७७व्या स्तोत्रात आसाफ म्हणतो की देवाची आठवण झाली की मी कण्हतो. आणि मग तो ठरवून जुन्या गोष्टी आठवू लागतो, समुद्रातून वाट काढल्याची आठवण. तुम्हीही आठवडा-पंधरवड्यातून एकदा वहीत लिहा: या दीड वर्षात कोण आले, कोणी रात्र जागवली, आई शेवटच्या दिवसांत काय बोलली. त्यातून काही निष्कर्ष काढायची घाई नको, फक्त लिहून ठेवा. नंतर कधीतरी ते उपयोगी पडते.

शरीराकडेही लक्ष द्या. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, देवदूताकरवी खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले. होरेब डोंगरावरचे बोलणे नंतरचे. महिनोन्‌महिने झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर डॉक्टरांना आणि समुपदेशकाला भेटा. आणि स्वतःला संपवावे असे विचार येऊ लागले, तर थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. असे करणे अविश्वास आहे असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. लूक स्वतः वैद्य होता.

हे उत्तर दुसऱ्याही कुणी वाचेल, म्हणून एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो. घरातला कुणी मारतो, छळतो, आणि 'हा तुझा वधस्तंभ आहे, सोस' असे सांगितले जात असेल, तर माझे वरचे एकही वाक्य तिथे लावू नका. दिमिष्कात जिवावर बेतले तेव्हा पौल टोपलीत बसून तटावरून खाली उतरला, आणि फटके मारायला बांधले तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. सुटता येत असेल तर सुटा, मदत घ्या. आजार आणि मृत्यू यांना आपण थांबवू शकत नाही. माणसाच्या हाताला थांबवता येते.

लोक तुम्हाला वचने सांगतील, आणि काही चुकीची लावून सांगतील. यिर्मया २९:११ मधली भविष्याची आणि आशेची योजना ही बंदिवासातल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातली आहे, आणि तिच्या आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. ते पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण बाबेलमध्येच मेले. वचन खरे ठरले, पण नातवंडांना. तसेच 'देव झेपेल तेवढेच देतो' हे म्हणणे शास्त्रात नाही. १ करिंथ १०:१३ मोहाबद्दल बोलते. उलट २ करिंथच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा सुटली. त्याला झेपले नाही. म्हणूनच मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर टेकावे लागले, असे तो पुढे म्हणतो. तुम्हाला झेपत नाही, तर तुम्ही पौलाच्याच जागी आहात.

रविवारी गाता येत नसेल तर गाऊ नका. उभे राहा, किंवा बसून राहा, इतरांना गाऊ द्या. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून छपरातून खाली सोडले, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. काही महिने मंडळीचा विश्वास तुम्हाला उचलून नेणार असेल, तर नेऊ द्या. मंडळी असते ती यासाठीच. आणि तुमच्या पाळकांना एवढेच सांगा की सध्या 'कशा आहात' विचारून लगेच वचन देऊ नका, थोडे बसा. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री एक अक्षर न बोलता जमिनीवर बसून काढल्या, आणि त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते.

भावाला उपासनेला ओढू नका. तो देवावर रागावला आहे, म्हणजे त्याने देवाला अजून सोडलेले नाही. ज्याला काही देणेघेणे उरत नाही, तो रागावत नाही. त्याच्याशी आईबद्दल बोला, देवाबद्दल तो विषय काढील तेव्हा. 'असे का झाले' असे त्याने विचारले तर 'मला माहीत नाही' म्हणा, कारण ते खरे आहे. ईयोबालाही शेवटपर्यंत कारण सांगितले गेले नाही. त्याला ८८वे स्तोत्र दाखवा. त्याला म्हणायचे आहे ते आधीच शास्त्रात लिहिलेले आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसेल. आणि तो प्रार्थना करत नाही तोवर तुम्ही त्याचे नाव घ्या, एका ओळीत, रोज. तुमची स्वतःची प्रार्थना ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी मला किंवा मंडळीतल्या कुणाला सांगा, आम्ही दोघांची नावे घेऊ.